सातवी चिमटी

"स्पंज काळा दिसेल, बुळबुळीत लागेल, थोडा वासही येईल. तरी हात लावायचा नाही," विज्ञानाच्या बाईंनी मला बजावलं होतं. "मासे बघायचे, खाद्य टाकायचं, वहीत लिहायचं आणि कुलूप लावून निघायचं. बाकी काही करायचं नाही."

मी हसले होते. "बाई, मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झालेय."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. किल्लीच्या वहीत सही करताना मी मनातल्या मनात नाकही मुरडलं. एका वाक्यात त्यांनी मला ओळखलं होतं, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. कबूल करायला मात्र सहा महिने लागले.

आमची लेक तेव्हा चौथीत होती. वर्गात मागच्या भिंतीला लागून त्यांची मत्स्यशेती होती. शेती म्हणजे काय, तर एक भलंमोठं निळं पिंप आडवं कापून केलेली टाकी, तिच्यात हवा सोडणारा पंप, कडेला अडकवलेली गाळणीची पेटी आणि त्या पेटीत तो स्पंज. पाण्यात तिलापियाची चाळीस पिल्लं होती. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात, हा शब्द आमच्या घरी पहिल्यांदा आला तो लेकीच्या तोंडून, आणि मग आठवडाभर तिने घरातल्या प्रत्येक वस्तूला बोटुकली करून टाकलं.

बाईंचा सगळा विज्ञानाचा तास त्या टाकीभोवती चालायचा. दर सोमवारी मासे वजनकाट्यावर. वजनावरून खाद्याचा हिशोब, म्हणजे शेकडेवारी. रोज अकरा वाजता परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर ठीक. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया वाढलाय, मासे धोक्यात आहेत. मुलं ते रंग आलेखात भरायची. दोन महिने आलेख पिवळाच होता.

खाद्य मोजायला रोज वजनकाटा काढणं मुलांच्या जिवावर यायचं. तेव्हा वर्गात एक शोध लागला. लेकीची बाकावरची शेजारीण, एक किरकोळ अंगाची, फारसं न बोलणारी मुलगी, तिने तीन बोटांत दाणे उचलून काट्यावर ठेवले की काटा बरोब्बर एक ग्रॅम दाखवायचा. दहा वेळा उचलले, दहाही वेळा एकच. बाईंनी ते भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक चिमटी बरोबर एक ग्रॅम. त्या दिवसापासून तिचं नाव चिमटी. एका वेळचं खाद्य सहा ग्रॅम, म्हणजे सहा चिमट्या. बाकीच्यांनी तिच्याकडून चिमटी शिकून घेतली. जी मुलगी हजेरीलाही कुजबुजल्यासारखं "हजर" म्हणायची, ती टाकीजवळ उभी राहून "बोटं सैल सोड, अगं सैल" असं खणखणीत सांगायला लागली. तिच्या आईने मला फाटकाजवळ थांबवून हे सांगितलं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. ती गणवेशाच्या दुकानात शिवणकाम करायची. बोटांची ही नेमकी जाण लेकीने कुठून उचलली, ते वेगळं सांगायला नको.

मग तीन दिवसांची जोडून सुट्टी आली. माशांना सुट्टी नसते, म्हणून पालकांच्या पाळ्या लावल्या. शनिवार माझा. रविवार आणि सोमवार दोन बाबालोकांचे. मंगळवारी शाळा.

माझ्याविषयी एक सांगायला हवं. त्याने माझा गुन्हा हलका होत नाही, पण गोष्ट नीट कळते. आदल्या वर्षी लेकीला पोटाचा जंतुसंसर्ग झाला होता. तीन दिवस सलाईन. त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात जे काही सुरू झालं, ते नंतर बंद झालंच नाही. दाराच्या कड्या पुसणं, डबा उकळत्या पाण्यातून काढणं, तिचे हात हुंगणं. नवरा म्हणायचा, "एक दिवस मलाही गरम पाण्यात बुचकळून वाळत घालशील." मी म्हणायचे, "घालीन, पण आधी मोजे काढ."

शनिवारी सकाळी शिपाईकाकांनी फाटक उघडून दिलं आणि ते बागेला पाणी घालायला गेले. मी खाद्य टाकलं. मासे वर झेपावले, पाणी खळबळलं, छान वाटलं. वहीत लिहायला वाकले आणि गाळणीच्या पेटीचं झाकण जरा सरकलेलं दिसलं. आत तो स्पंज. काळपट तपकिरी, त्यावर साय धरल्यासारखा थर.

आणि मला दिसलं ते एवढंच, की माझी लेक या पाण्यात रोज हात घालते आणि अर्ध्या तासाने त्याच हातांनी डबा खाते.

माझे हात शिवशिवायला लागले. बाईंचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. लख्ख आठवत होतं. मी स्वतःशी म्हटलं, बाई चांगल्या आहेत, पण स्वच्छतेच्या बाबतीत जरा अशाच. शिक्षकखोलीत किटली होती, बेसिनपाशी हात धुवायचा साबण होता. तीनदा साबण लावून, उकळत्या पाण्याने, पिळून पिळून मी तो स्पंज धुतला. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. परत बसवला तेव्हा तो राखाडी, मऊ, नवाकोरा दिसत होता, आणि मला आईपणाचं एखादं पदक मिळाल्यासारखं वाटत होतं.

वहीत शनिवारच्या चौकटीत मी लिहिलं: सर्व ठीक. पेन क्षणभर तिथेच थांबलं होतं. "स्पंज धुतला" हे दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? नाही लिहिले. लिहायचे नाहीत असं मनाने ठरवलं, याचा अर्थ काय होतो ते मनाला माहीत होतं.

मंगळवारी लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच खुर्चीत बसली.

"आई, पाणी हिरवं झालं. गडद हिरवं. नऊ मासे मेले."

"कशाने?"

"टाकीच्या तळाशी दाणे पडले होते. खूप. बाईंनी विचारलं, आज खाद्य कोणी टाकलं? चिमटीने हात वर केला. ती म्हणाली सहाच टाकल्या. पण मागून कोणीतरी म्हणालं, सातवी टाकली असशील. मग सगळेच म्हणायला लागले. सातवी चिमटी, सातवी चिमटी."

"आणि बाई?"

"बाई म्हणाल्या, गप्प बसा. पण त्या माशांकडेच बघत होत्या."

बुधवारी आणखी चौदा गेले. लेकीला शाळेत सोडून आल्यावर मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून चादरींखालचं माझं कॉलेजचं पुस्तक काढलं. शोधावं लागलं नाही. त्या पानाचा कोपरा मीच कधीकाळी दुमडून ठेवला होता. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया खाऊन टाकणारे जीवाणू. स्पंजासारख्या खडबडीत जागी ते घर करतात. वाढायला आठवडे लागतात. साबण आणि गरम पाण्याने एका दमात मरतात. बाजूला समासात, लाल पेनने, माझ्याच गोल अक्षरात लिहिलेलं: आयएमपी. खाली दोन रेघा.

त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

पुस्तक मी परत चादरींखाली ठेवलं. एकावर तीन चादरी.

गुरुवारपर्यंत एकतीस मासे मेले. वास सुटला म्हणून मुख्याध्यापिकांनी टाकी रिकामी करायला लावली. उरलेले नऊ मासे बाईंनी आपल्या घरच्या टाकीत नेले. शिपाईकाकांनी पिंप, पंप, गाळणी सगळं घासूनपुसून गच्चीत उन्हात ठेवलं. म्हणजे आता तो स्पंज आधी कोणी धुतला होता का, हे बघायलाही काही उरलं नाही. हे लेकीने सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मला अजून आठवतं, आणि दर वेळी मान खाली जाते.

बाईंनी मुलांना गृहपाठ दिला: मासे का मेले? कारण शोधा, पुरावा द्या.

संध्याकाळी लेक जेवणाच्या टेबलावर वही पसरून बसली. घरात तिला आम्ही शंकाबाई म्हणतो. एखादी गोष्ट तिला पटली नाही की ती पेन्सिलीचं टोक दातात धरते आणि मग कोणाचं ऐकत नाही.

"आई, हे बघ ना. मी पालकांची वही उतरवून आणली. सोमवारच्या काकांनी लिहिलंय, खाद्य तळाशी उरलं. सोमवारी गं! चिमटीची पाळी मंगळवारी होती."

मी भांडी लावत होते. लावत राहिले.

"म्हणजे जास्त खाद्यामुळे पाणी नाही बिघडलं. पाणी आधीच बिघडलं होतं, म्हणून मासे खात नव्हते, म्हणून दाणे उरले. सगळे उलटं समजतायत."

"हं."

"मग पाणी कशाने बिघडलं? शुक्रवारी पिवळं होतं. बाईंनी सांगितलंय, स्पंजातले जीवाणू पाणी साफ करतात. ते मेले तरच असं होईल." पेन्सिल दातातून निघाली. "आई, कोणीतरी स्पंज धुतला असेल का गं?"

नऊ वर्षांची पोर. भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. तीन दिवसांच्या तीन ओळी आणि एक डोकं. कोणत्याही आईने तिथल्या तिथे तिला उचलून घेतलं असतं.

मी म्हणाले, "असं नसतं गं. जीवाणू काय एका दिवसात मरतात? आणि सुट्टीत येऊन स्पंज कोण कशाला धुवेल?"

"पण बाई म्हणाल्या होत्या..."

"बाई म्हणाल्या असतील. मी पण शिकलेय ना हे? कॉलेजात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खोडरबर घेतलं. स्पंजाची लिहिलेली ती पूर्ण ओळ तिने खोडली, सावकाश, एकेक अक्षर, कारण तिला वही खराब झालेली आवडत नाही. त्या जागी लिहिलं: जास्त खाद्य. खोडरबराचा भुगा तिने तळहातावर गोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मीच शिकवलंय तिला तसं.

पुढचं मी वर्गात उभी राहून पाहिलेलं नाही. ऐकलं ते तुकड्यातुकड्यांनी. मुलांनी खेळताना एक नियम केला, की कोणाचा पेला सांडला किंवा कोणाचं उत्तर चुकलं की ओरडायचं, "सातवी चिमटी!" जे नाव अभिमानाने भिंतीवर लावलं होतं, त्याचीच शिवी झाली. भिंतीवरचा तक्ता चिमटीनेच एका मधल्या सुट्टीत काढून घडी घालून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वर्गाला रागावून बघितलं. पण ओरडून बंद होतं ते तोंड. मनातलं चालूच राहतं.

महिनाभराने चिमटीच्या आईने मला पुन्हा फाटकाजवळ गाठलं. दुकानातून थेट आली होती, गळ्यात मापाची फीत तशीच.

"ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात यातलं."

"विचारा ना."

"पोरगी काहीतरी विचित्र वागतेय हो. ब्रशवर पेस्ट घेतली की मला दाखवायला आणते, एवढी चालेल? पेल्यात पाणी ओतते, एवढं चालेल? काल केसांना तेल लावत होते, तर म्हणते, जास्त नको, आई, जास्त झालं तर? वाढलेलं ताट समोर घेऊन बसून राहते." तिने फितीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मी तिला सांगते, असं एका चिमटीने कोणी मरत नाही. ती म्हणते, तुला काय माहीत, तू कुठे शिकलीयेस. म्हणून तुम्हाला विचारते. एका चिमटीने एकतीस मासे मरतात का हो?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. कबुलीसुद्धा द्यायची गरज नव्हती. नुसतं "नाही, शक्यच नाही, तिला माझं नाव सांगा" एवढं म्हटलं असतं, तरी त्या पोरीने त्या दिवशी ताट उष्टं केलं असतं.

पण "नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग कशाने?

"सांगता येत नाही हो," मी म्हणाले. "पाण्याचं काही सांगता येत नाही."

तिने मान डोलावली. "बरं," म्हणाली. आणि मला, मला, "तुमचा वेळ घेतला" असंही म्हणाली.

सत्र संपलं. चिमटीचे वडील पुलांच्या कामावर मुकादम. जिथे पूल तिथे बिऱ्हाड. सुट्टीत त्यांचं काम हललं आणि तीही गेली. मला ते पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात कळलं, लेकीच्या शेजारची जागा रिकामी राहिल्यावर. खरं सांगायचं तर तेव्हाही मला पुन्हा तेच, सुटल्यासारखं वाटलं.

बाईंनी टाकी परत सुरू केली. त्यांच्या घरचे नऊ मासे आणि नवी बोटुकली. आणि एका दुपारी लेक घरी आली ती लालबुंद होऊन.

"आज बाईंनी सांगितलं, स्पंज साबणाने धुतला की जीवाणू लगेच मरतात. मी हात वर केला. म्हटलं, माझी आई म्हणते असं नसतं. तर सगळे हसले." तिने दप्तर खुर्चीवर आपटलं. "बाई म्हणाल्या, आईला नीट आठवत नसेल. मी म्हटलं, माझ्या आईला सगळं आठवतं. ती तेच शिकलीये. माझी आई खोटं सांगणार नाही."

नवरा बाहेरच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होता. मी ओट्याला धरून उभी राहिले. वर्गातल्या तीस पोरांसमोर ती एकटी माझ्या बाजूने भांडून आली होती.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. किटली, साबण, पिळून काढलेला स्पंज, "सर्व ठीक", लाल पेनची आयएमपी, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती उठली आणि तिने आतून जुनी विज्ञानाची वही आणली. ते पान उघडलं. खोडलेल्या ओळीवर नवी ओळ होती, पण पेन्सिल दाबून लिहिण्याची तिची सवय, त्यामुळे खालची अक्षरं कागदात रुतलेली दिसत होती. तिने नवी ओळ खोडली आणि त्या खळग्यांवरून पेन्सिल फिरवली. कोणीतरी स्पंज धुतला. मग "कोणीतरी" खोडलं. आणि वर लिहिलं: आईने.

पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "मग आता चिमटीला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. त्या ऐकून घेत होत्या आणि माझ्याकडे नाही, टाकीकडे बघत होत्या. मग कपाटातून त्यांनी गेल्या सत्राची पालकांची वही काढली आणि शनिवारची चौकट उघडून माझ्यापुढे ठेवली. मी लिहिलं. स्पंज धुतला. दोनच शब्द.

"त्याच दिवशी फोन केला असतात," बाई म्हणाल्या, "तर माझ्या घरच्या टाकीतला स्पंज आणून लावला असता. बहुतेक मासे वाचले असते." मग वही मिटून त्या म्हणाल्या, "खाद्य कोणी टाकलं, हे मी सगळ्यांसमोर विचारलं. ते तुमच्यावर टाकत नाही मी. ते माझं आहे."

वर्गासमोरही मी उभी राहिले. मुलांनी ऐकलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग सातवी चिमटी?" मी म्हटलं, "नव्हतीच." चिमटीला चिडवण्यात त्यांचाही वाटा होता, आणि तोही मीच त्यांच्या माथी मारला होता.

पण ज्या एका मुलीने ते ऐकायला हवं होतं, ती तिथे नव्हती. शाळेतल्या अर्जावरचा फोन लागत नाही. गणवेशाच्या दुकानात विचारलं, त्यांना नवा पत्ता माहीत नाही. पुलांची कामं करणाऱ्या तीन कंत्राटदारांकडे मी जाऊन आले. मुकादमाचं नुसतं नाव सांगून माणूस सापडत नाही, हे तिथल्या कारकुनाने मला हसत हसत समजावलं.

म्हणून हे लिहिलंय. माफीसाठी नाही. ती मागायची जागा हातची गेली.

तुमच्या मुलांच्या वर्गात यंदा मध्येच एखादी नवी मुलगी आली आहे का, एवढं विचारून बघा. आता दहा वर्षांची असेल. किरकोळ अंगाची, हजेरीला कुजबुजणारी. वडील पुलाच्या कामावर, आई शिवणकाम करणारी. डबा उघडून बसून राहते का, बघा. कशालाही हात लावण्याआधी "एवढं चालेल?" असं विचारते का, ऐका. तिला टाकीपाशी नेऊ नका, तिची परीक्षा घेऊ नका. फक्त तिच्या शेजारी बसा आणि सांगा, की एका आईने साबणाने स्पंज धुतला होता, आणि ती आई शिकलेली होती, आणि तिला माहीत होतं.

आणि हेही सांगा, की तिचं मोजमाप चुकलं नव्हतं. सहाच होत्या.